मेळाव्यातली बंद चौकट

वाशी, सेक्टर ९
नोव्हेंबर १९९७, मंगळवार

तीर्थरूप नंदूआत्यास,

वैजयंतीचा नमस्कार. वाकून करते आहे, पण मान खाली घालून नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला उतरला का? कुडाळला एव्हाना पहाटे शाल लागत असेल; आमच्या वाशीत थंडी पडली म्हणजे पंखा तीनवरून दोनवर येतो, एवढंच. आई बरी आहे. बाबा तर फारच बरे आहेत. (माझ्यामुळे त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं असं त्यांनी तुला फोनवर सांगितलं असणार. परवाच तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम. तेव्हापासून बाबा त्या डॉक्टरवर नाराज आहेत आणि दुसरा शोधताहेत.) मी खणखणीत आहे. पत्र लांबणार आहे, चष्मा घेऊन बस, आणि आतोबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, ते प्रत्येक वाक्याला 'म्हणजे काय' विचारत बसतात.

तर तुझं कार्ड पोचलं. एवढ्याशा कार्डावर तू कडेकडेने, अगदी पत्त्याच्या बाजूलासुद्धा लिहिलं आहेस की झालं गेलं, मंडळाला माफीचं पत्र देऊन टाक, तुझे बाबा कार्यकारिणीवर आहेत, त्यांना चार माणसांत बसायचं असतं. (हे कार्ड पोस्टमनने, वॉचमनने आणि खालच्या मजल्यावरच्या स्मितावहिनींनी वाचलं. वहिनींनी मला जिन्यात गाठून सांगितलं की तुझी आत्या म्हणते तेच बरोबर आहे.) आत्या, तुझ्या शब्दाबाहेर मी आजवर गेलेले नाही. या वेळी जाते. माफीचं पत्र मी लिहिणार नाही. मंडळाने माझं नाव यादीतून काढायचं तर खुशाल काढावं. अरविंदकाकांनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, मला महिनाअखेरची मुदत दिली आहे. मी आजच नाही म्हणून टाकते, त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं. आणि वैजूने मंडळाचा कॉम्प्युटर बिघडवला असं बाबांनी तुला सांगितलं, ते साफ खोटं आहे. कॉम्प्युटर ठणठणीत आहे, प्लास्टिकचं कव्हर घालून बसला आहे, आणि त्याला रोज सकाळी जास्वंदीचं फूल मिळतं, जे मला कुणी देत नाही.

झालं काय ते माझ्या तोंडून ऐक. आमचं ऑफिस तू पाहिलं आहेस, सेक्टर सतराला मिठाईवाल्याच्या वरचं. (मागच्या खेपेला तू येऊन 'एवढ्या गारठ्यात पोरी काम कशा करतात' म्हणत एसी बंद करवला होतास, आणि जयप्रकाश सर, आमचे मालक, दिवसभर रुमालाने कपाळ पुसत बसले होते, पण तुला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून ते तुझी आदराने चौकशी करतात.) तर या सरांनी आपल्या ज्ञातीच्या वधूवर मंडळाचं काम बाबांच्या ओळखीने घेतलं आणि माझ्या गळ्यात घातलं. त्याआधी मी एपीएमसी मार्केटातल्या दोघा अडत्यांची बिलं आणि कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ट्रकांचा हिशेब कॉम्प्युटरवर बसवून दिला होता. तेव्हा मुलामुलींचं काम त्यामानाने सोपं जाईल असं सरांना वाटलं. ट्रकला आईवडील नसतात हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नकोस, तुला कळेल. कॉम्प्युटरचा फॉर्म म्हणजे पडद्यावरचा कागद. त्यात चौकटी असतात: नाव, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. ज्या चौकटीत लिहायचं ती पांढरी. ज्यात लिहायचं नाही ती राखाडी. राखाडी चौकट दिसते, पण तीत कितीही टाइप कर, एक अक्षर उमटत नाही. कडी आतून लावलेल्या दारासारखी. आणि ही कडी काढायची की घालायची, ते प्रोग्रॅम चालू असतानासुद्धा ठरवता येतं. त्यासाठी एक ओळ लिहायची. 'एनेबल्ड इज इक्वल टू फॉल्स' म्हटलं की चौकट बंद, 'ट्रू' म्हटलं की उघडी. आमच्या धंद्यात यात काही विशेष नाही, रोजचं काम आहे. कुणी 'लग्न झालेलं' वर टिचकी मारली की 'जोडीदाराचं नाव' उघडतं, 'अविवाहित' वर मारली की बंद होतं, असलं सगळं.

अरविंदकाकांनी फॉर्म बघितला, 'छान' म्हणाले, आणि मग म्हणाले की एक सुधारणा कर. 'वधू' वर टिचकी मारली की 'अपेक्षा' ही चौकट बंद झाली पाहिजे, आणि छापताना त्या बंद चौकटीत आपोआप 'काही नाही' असं यायला हवं. मी विचारलं, का? तर ते हसले. (त्यांचं ते हसणं तुला ठाऊक आहे. लहान मुलाने पंगतीत मोठा प्रश्न विचारला की हसतात तसं.) म्हणाले, अगं मुलींच्या अपेक्षा असतात, नसतात असं कोण म्हणतंय, पण त्या छापल्या की स्थळं बिचकतात. मंडळाचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. मुलीचं कोरं असलं की बघायला तरी येतात. बाबांनी मान डोलावली. मी सरांकडे पाहिलं. सरांनी गिऱ्हाईकाकडे पाहिलं. मी ओळ लिहिली. पगारावर आहे, लिहिली, त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण ते तुला सांगते आहे, मंडळाला नाही.

मेळाव्याचा रविवार उजाडला. वाशीतला हॉल, दारात रांगोळी, आत एका टेबलावर कॉम्प्युटर, त्याला हार, त्याच्या शेजारी प्रिंटर, त्याला बारका हार. मी टाइप करायला बसलेले. ठरलं असं होतं की लोकांनी चिठ्ठीवर माहिती लिहून आणायची, मी ती फॉर्मात भरायची, सगळं छापून खालच्या दुकानातून झेरॉक्स काढायच्या आणि जेवणाआधी गठ्ठे वाटायचे. पहिला मुलगा आपल्या वडिलांसकट चिठ्ठी घेऊन उभा होता. मी त्याचं नाव घालणार तोच अरविंदकाका नारळ घेऊन धावत आले. म्हणाले, पहिली नोंद मुलाची नको. शुभकार्य आहे. आधी लक्ष्मी, मग बाकीचे. पण लक्ष्म्या अजून आल्या नव्हत्या, कारण त्या साड्या नेसत होत्या. काकांनी सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, वैजू आहेच की.

म्हणून त्या फॉर्मात पहिलं नाव मी माझंच घातलं, आत्या. बाबा पाठीमागे उभे राहून सांगत होते आणि मी टाइप करत होते. (उंची त्यांनी एक इंच जास्त सांगितली. मी घातली. मोजायला कोण येतंय.) 'अपेक्षा' जवळ आले तेव्हा हाताच्या सवयीने मी लिहायला लागले. माझी अपेक्षा एकच आहे, तुला माहीत आहे, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. मी ती अख्खी ओळ टाइप केली आणि पडद्यावर काही उमटलं नाही. चौकट राखाडी. माझ्याच हाताने राखाडी केलेली. मला तेव्हा खरोखर वाईट वाटलं, इतकं की मी उगीचच कीबोर्ड पुसला. बाबा म्हणाले, झालं ना, चल, पुढचा घे.

पुढचा तो पहिला मुलगा. त्याचे वडील आपल्या एपीएमसीतले कांदाबटाट्याचे अडते, मूळ साताऱ्याकडचे, आवाज असा की गाळ्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जावा. मी 'वर' वर टिचकी मारली. टिकलीसारखा ठिपका 'वधू' वरून 'वर' वर आला, पण चौकट राखाडीच. पुन्हा टिचकी मारली. राखाडीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बंद करायची ओळ मी लिहिली होती, उघडायची लिहिलीच नव्हती. उघडायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसात तपासताना मी दरवेळी आधी मुलगा भरायची, मग मुलगी, आणि मग सगळं बंद करून घरी. त्यामुळे ही चूक कधी दिसलीच नाही. एकदा मुलीने ती चौकट बंद केली की पुढचे सगळे मुलगे बंद चौकटीसमोरच येणार. आणि आमच्या अध्यक्षांनी लक्ष्मीला पहिला मान दिला होता.

हे बघ, चूक माझी होती आणि मी ती त्या मिनिटाला कबूल केली. त्या गृहस्थांना म्हटलं, काका, माझी गडबड झाली आहे, जरा थांबा, दुरुस्त करते. मूळ प्रोग्रॅमची फ्लॉपी पर्समध्ये होती. मी पर्स उघडायला उठले. त्यांच्या हातात चिठ्ठी होती, पाठपोट भरलेली: मुलगी गोरी, सडपातळ, पदवीधर, पण नोकरी न करणारी, मोठ्यांच्या शब्दाबाहेर न जाणारी, आणि असंच बरंच. ते म्हणाले, "आमचं तेवढं उघडा. पोरींचं बंद हाय ते ऱ्हाऊ द्या, न्हाईतर घरी जायला रात्र व्हईल." आणि मागे रांगेत उभे होते ते सगळे बाप हसले. माझे बाबाही हसले.

मी खाली बसले. पर्सची चेन लावली. म्हटलं, माफ करा काका, आज नाही उघडत. हे खोटं होतं का? होतं. मग पुढच्याची चिठ्ठी घेतली, त्याच्या पुढच्याची घेतली, सगळ्यांच्या अपेक्षा नीट घडी घालून एका बाजूला ठेवल्या आणि सगळ्यांची नोंद केली. कुणाला ओरडले नाही, कुणाचा अपमान केला नाही. मला जो नियम घालायला सांगितला होता तो मी सर्वांना सारखा लावला, इतकंच.

मग गठ्ठे वाटले गेले. आत्या, तू असायला हवी होतीस गो. हॉलभर मुलगे, इंजिनिअर, बँकवाले, एक तर चक्क गाडी असलेला, आणि प्रत्येकाच्या नावापुढे छापलेलं, 'अपेक्षा: काही नाही'. मुलींकडची माणसं आधी चष्मे पुसून पुन्हा वाचू लागली. मग एका आईने धीर करून शेजारच्या वरमाईला विचारलं की काही नाही म्हणजे फ्रीजसुद्धा नाही का. ती बिचारी गडबडली. तेवढ्यात दुसरीने सांगून टाकलं की आमच्या मुलीला सकाळी लवकर उठायला जमत नाही, तुमची काही अपेक्षा नाही म्हणून आधीच सांगते. तिसरीने विचारलं, मुलाला कुकर लावता येतो का. बघता बघता मुलींच्या टेबलांवरची माणसं उठून मुलांच्या टेबलांकडे गेली. आजवर मी बघितलेल्या सगळ्या मेळाव्यांत (आणि मी पुष्कळ बघितलेत, तूच नेलंस) हे उलटं असायचं. मुलांचे बाप घामाघूम झाले. ते अडते काका गठ्ठा हातात धरून मंचाकडे निघाले आणि म्हणाले की आमचं काही मागणंच नाही असं छापलंय, उद्या मार्केटात तोंड कसं दाखवू.

अरविंदकाकांनी माइकवरून छपाईची चूक झाल्याचं जाहीर केलं आणि, तोडगा म्हणून, वरपित्यांनी एकेक करून मंचावर येऊन आपापल्या अपेक्षा वाचून दाखवाव्यात असं सांगितलं. पहिले तेच काका चढले. चिठ्ठी उलगडली. समोर सगळ्या मुली बसलेल्या, कोण काळी, कोण सावळी, कोण जाड, माझ्यासारखी चष्मेवाली. त्यांनी 'मुलगी गोरी' एवढं वाचलं आणि थांबले. माइकमधून 'गोरी' हा शब्द हॉलभर फिरून परत आला. पुढचा शब्द त्यांनी हळू वाचला. मग त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली, 'बाकीचं घरी बोलू' म्हणाले आणि उतरले. त्यांच्यानंतर कुणी चढलं नाही. मला त्यांची दया आली, खरं सांगते, माणूस वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यकारिणीसमोर मला आणि सरांना बोलावलं. हुकूम असा की मुलांची चौकट उघडायची, मुलींची बंदच ठेवायची, आणि मी उद्धटपणाबद्दल लेखी माफी द्यायची. चुकीबद्दल नाही हां, उद्धटपणाबद्दल. माझ्या चुकीची माफी मी कधीच मागून मोकळी झाले होते. मी उठून सांगितलं, "कॉम्प्युटरला असा पंक्तिभेद जमत नाही. एक तर दोघांची उघडी, नाहीतर दोघांची बंद." सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, उजेडात धरून बघितला, परत घातला आणि म्हणाले की हो, तशी एक तांत्रिक मर्यादा आहे. (त्या माणसाला मी जन्मभर विसरणार नाही. पगारवाढ मात्र या वर्षी मागणार नाही, तेवढी अक्कल मला आहे.) दोघांची बंद ठेवायची म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या ज्यांना मुलगे आहेत ते चुळबुळले, आणि शेवटी दोघांची उघडी ठेवायचा ठराव बहुमताने पास झाला. बाबांनी हात वर केला नाही. पण विरोधातही केला नाही, हे मी बघितलं.

तेव्हा आता आपल्या मंडळात मुलींची चौकट पांढरी आहे आणि त्या लिहिताहेत. एकीने लिहिलं आहे, मुलाने घोरू नये. मी शब्दही न बदलता छापलं. आता तूच सांग, माफी कशाची मागू? नाही मागत. बाबांना सांग, आतोबांना सांग, स्मितावहिनींना सांगायची गरज नाही, त्यांना पोस्टमनने सांगू नये म्हणून हे पाकिटात घालते आहे.

आतोबांना नमस्कार. माझ्यावर रागावली असलीस तर राग, माया असली तर माया, जे असेल ते कळव, पण कार्डावर नको.

तुझी,
वैजू

ता. क. पंक्तिभेद कॉम्प्युटरला उत्तम जमतो. एका ओळीचं काम आहे. पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल.

ता. क. आणखी एक. त्या गठ्ठ्यांची दुरुस्ती झाली नाही, ते घरोघरी गेले ते गेले, आणि त्यात पहिल्याच पानावर मी आहे, 'अपेक्षा: काही नाही'. ते वाचून एका बाईंचा फोन आला. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी मला बघायला येताहेत. फोनवर म्हणाल्या, मुलीचं काही मागणं नाही हे वाचून फार बरं वाटलं. मुलगा बेलापूरला नोकरीला आहे, अभिराम नाव. मेळाव्यात स्वतःचं 'काही नाही' वाचून तो एकटाच हसला होता आणि घरी दाखवायला मला आणखी एक प्रत मागितली होती. आत्या, मुलगा मला आवडला आहे. आणि मी कार्यकारिणीसमोर बोलले खरी, पण घरच्या हॉलमध्ये पोह्यांची बशी घेऊन बसले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आजवर प्रत्येक वेळी मुलाची आई विचारते, मुलीच्या काही अपेक्षा? आणि माझ्या आधी बाबा बोलून जातात. या वेळी ती एक ओळ मला बोलायची आहे. नाही बोलले तर मग कुठल्या तोंडाने नोकरी करू. फोन हॉलमध्ये आहे आणि बाबा फोनशेजारी, म्हणून हे सगळं लिहिलं. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं आपोआप आलं.

ता. क. शेवटचं. त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारच्या एस.टी.ने ये आणि येताना आपल्या जत्रेतले खडखडे लाडू आण, मऊ नको, चांगले जुने आण. त्या बाई विचारतील तेव्हा बाबा तोंड उघडतीलच. तेवढ्यात तू एक लाडू त्यांच्या तोंडात घाल; तुझ्या हातचं ते कधी नाही म्हणत नाहीत, आणि तो फोडेपर्यंत त्यांना 'हूं'देखील म्हणता येणार नाही. माझी एकच ओळ आहे, तेवढ्यात होईल. तरी लाडू दोन आण. पहिल्याला मला धीर झाला नाही तर.